‘न्यूसन्स’, ‘पेस्ट’ आणि ‘टीज’ : काही उपद्रववाचक इंग्रजी शब्दांचा अर्थविचार

बायबलचे जे इंग्रजी भाषांतर इ. स. १६११ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यातील ९१ व्या स्तोत्रात रोगाच्या साथीला ‘नॉइसम्’ हे विशेषण लावलेले आहे. इंग्रजी विषय घेऊन पदवीधर झालेला विद्यार्थीही या ठिकाणी बहुधा फसतो. ‘नॉइज’ म्हणजे गोंगाट हे त्याला पक्के ठाऊक असते; तेव्हा साथीचा गोंगाटाशी संबंध काय, असा प्रश्न त्याला पडतो आणि साथ आली म्हणजे रडारड व्हावयाचीच, असे काहीतरी समाधान तो करून घेतो. वस्तुतः ‘नॉइज’ आणि ‘नॉइसम्’ यांचा परस्परांशी काही संबंध नाही. ‘नॉइसम्’मधील ‘नॉय्’ हे ‘अनॉय्’ या शब्दाचे आद्य स्वर गळालेले रूप होय. त्याला ‘सम्’ हा प्रत्यय लागून ‘अपायकारक’, ‘जिवावर बेतणारे’ अशा अर्थाचे विशेषण सिद्ध झाले. दुर्गंधीमुळेच रोग पसरतात अशी समजूत युरोपात दीर्घकाळ होती. तिच्या आधाराने हे विशेषण पुढे दुर्गंधीकडे झुकले आणि आता ते मुख्यत्वे घाणीच्या वासालाच लावतात. ते कसेही असो. ज्या ‘अनॉय्’चा अर्थ आज ‘किरकोळ त्रास देणे, चिडवणे’ एवढाच उरला आहे, त्याच्यापासून साधलेले विशेषण सतराव्या शतकाच्या आरंभी प्राणघातक साथीला शोभत होते, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

इंग्रजीतील उपद्रववाचक शब्दांचा, म्हणजे त्रासदायक माणसे, वस्तू व वर्तन यांच्या वाचक शब्दांचा मागोवा घेऊ लागले की हीच गोष्ट वारंवार प्रत्ययास येते. मुळातच ‘किरकोळ त्रास’ या अर्थाने घडवलेला शब्द या वर्गात शोधूनही सहसा सापडत नाही. जे सापडतात ते सारे कोणत्या ना कोणत्या मोठ्या संकटावरून उतरून आलेले असतात. कोणी द्वेषाच्या घरचा, कोणी मृत्यूच्या घरचा, कोणी महामारीचा, तर कोणी जनावराच्या पायातील दोरखंडाचा. शेजाऱ्याच्या कुरबुरीने जीव मेटाकुटीस आलेला माणूस आपल्या हालाला साजेसा शब्द शोधू लागतो तेव्हा त्याला लहान शब्द पुरत नाही. तो मोठा शब्द उचलतो. असा मोठा शब्द लहान प्रसंगी दहा वेळा वापरला गेला की अकराव्या वेळी त्यातील मोठेपण ऐकणाऱ्याला जाणवेनासे होते, आणि मग त्या जागी दुसरा मोठा शब्द आणावा लागतो.

आपल्याकडील काव्यशास्त्राच्या परिभाषेत ही प्रक्रिया नेमकेपणाने मांडता येते. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त लक्षणेला मुख्यार्थबाध व तद्योग यांच्या जोडीला रूढी किंवा प्रयोजन यांपैकी एकाची आवश्यकता सांगितली आहे. त्रास देणाऱ्या माणसाला प्रथम कोणी ‘महामारी’ म्हटले तेव्हा त्यात प्रयोजन होते, ते अतिशयोक्तीचे. कालांतराने प्रयोजन विसरले जाते व केवळ रूढी उरते. ‘कुशल’ शब्द ऐकताना कुश नावाचे गवत आणि ते काळजीपूर्वक उपटणारा ब्रह्मचारी कोणाच्या मनात येत नाही, तद्वत् ‘पेस्ट’ म्हणताना इंग्रज माणसाच्या डोळ्यांसमोर प्रेतांच्या गाड्या येत नाहीत. प्रयोजनवती लक्षणा निरूढ होते, ती अशी. या अर्थांतराला ‘अर्थशैथिल्य’ म्हणावयास हरकत नाही.

मराठी भाषकाने याबाबतीत इंग्रजांकडे कौतुकाने पाहण्याचे कारण नाही. संस्कृतात ‘त्रास’ म्हणजे भय. ‘त्रस्’ या धातूचा अर्थ भीतीने थरथरणे. आपण मात्र सर्दीचा, डासांचा आणि पाहुण्यांचाही त्रास होतो असे म्हणतो, आणि आजच्या मराठी वाचकाला संस्कृत काव्यातील ‘त्रस्त’ हरिणी भ्यालेली न वाटता कंटाळलेली वाटू लागते. ‘पीडा’ या शब्दात मूळ कल्पना दाबण्याची, चिरडण्याची आहे. ‘पीडा टळली’ हे उद्गार मात्र उठता न उठणाऱ्या गप्पिष्ट पाहुण्याविषयीही निघतात. वैद्यकात मूळ रोगाच्या पाठोपाठ उद्भवणारा दुसरा विकार तो ‘उपद्रव’. आज माकडांचा व भटक्या कुत्र्यांचा उपद्रव असतो.

आता ‘अनॉय्’कडे वळावे. लॅटिनमध्ये ‘मिहि इन् ओदिओ एस्त्’ अशी एक शब्दयोजना होती. ‘ते मला द्वेष्य आहे’ हा तिचा अर्थ. तिच्यातील ‘इन् ओदिओ’ एवढ्या तुकड्यापासून उत्तरकालीन लॅटिनने ‘इनोदिआरे’ हे क्रियापद बनवले, त्याचे जुन्या फ्रेंचमध्ये ‘अनुइएर’, ‘अनोइएर’ असे झाले आणि तेथून तेराव्या शतकाच्या अखेरीस ते इंग्रजीत आले. एका वाक्यखंडाचे क्रियापद व्हावे हे तर नवल आहेच. परंतु त्याची निरनिराळ्या भाषांत जी पांगापांग झाली ती अधिक उद्‌बोधक आहे. फ्रेंचमधील ‘आन्वी’ आज कंटाळा दर्शवते. स्पॅनिशमधील ‘एनोखो’ म्हणजे राग. इटालियनमधील ‘नोइया’ पुन्हा कंटाळाच. पोर्तुगीजमधील ‘नोजु’ म्हणजे किळस. द्वेष या एका खोडाला चार भाषांत तीन वेगळी फळे आली. त्यातही फ्रेंच शब्दाचा उतार स्पष्ट दिसतो. सतराव्या शतकातील रासीनच्या शोकांतिकांत ‘आन्वी’ हा असह्य मनोवेदनेचा शब्द आहे. त्या नाटकांतील पात्रे कंटाळलेली आहेत असे समजून जो वाचील त्याचा रसभंग ठरलेलाच. हाच शब्द अठराव्या शतकात इंग्रजीने पुन्हा एकदा, या वेळी फ्रेंच उच्चारासह आणि कंटाळ्याच्या अर्थाने उचलला. त्यामुळे ‘अनॉय्’ आणि ‘आन्वी’ ही एकाच घरची दोन भावंडे, पाचएकशे वर्षांच्या अंतराने, इंग्रजीत परस्परांना ओळख न देता नांदत आहेत.

‘न्यूसन्स’ची कथा याहून गंभीर आहे, कारण तिला न्यायालयाची जोड आहे. हा शब्द फ्रेंच ‘न्युईर’ या क्रियापदाच्या द्वारे लॅटिन ‘नोकेरे’, म्हणजे ‘अपाय करणे’, यापासून आला. ‘नोकेरे’ हे प्रयोजक क्रियापद असून त्याच्या मुळाशी मृत्यू व नाश यांचा वाचक असा इंडो-युरोपीय धातू आहे. ग्रीकमधील ‘नेक्रोस्’, म्हणजे प्रेत, त्याचेच अपत्य. संस्कृतात तो धातू ‘नश्’ या रूपाने आढळतो, आणि ‘नाशयति’ हे प्रयोजक रूप ‘नोकेरे’शी घडणीनेही जुळते. म्हणजे आपला ‘नाश’, दूध ‘नासते’ त्यातील ‘नासणे’ आणि अन्नाची ‘नासाडी’ ही सारी ‘न्यूसन्स’ची दूरची, पण औरस नातलग मंडळी होत. ‘इनोसन्ट’ म्हणजे मुळात ‘जो अपाय करत नाही तो’. निष्पाप, भाबडा हे अर्थ मागाहूनचे. ‘ऑब्नॉक्शस्’ची गंमत तर निराळीच आहे. लॅटिनमध्ये ‘ओब्नोक्सिउस्’ म्हणजे ज्याला अपाय होण्याचा संभव आहे तो, दुसऱ्याच्या तावडीत असलेला. सोळाव्या शतकात इंग्रजीने तो याच अर्थाने घेतला. परंतु ‘नॉक्शस्’ म्हणजे अपायकारक हा शब्द शेजारी होता. त्याच्या संगतीने सतराव्या शतकात अर्थ उलटला, आणि ज्याला अपाय व्हावयाचा तोच अपाय करणारा, निदान तिटकारा आणणारा ठरला. मार खाणाऱ्यालाच मारकुटा म्हणण्यातला हा प्रकार आहे.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये ‘न्यूसन्स’ हा तक्रारीचा एक अधिकृत प्रकार होता. लंडन नगरात या तक्रारींसाठी स्वतंत्र न्यायासन बसत असे आणि त्याची इ. स. १३०१ ते १४३१ या काळातील दप्तरे उपलब्ध आहेत. सामाईक भिंत, शेजाऱ्याच्या अंगणात पडणारे पन्हळाचे पाणी, कुंपणालगतचा शौचकूप, दुसऱ्याच्या घरात डोकावणारी खिडकी असे त्यांतील विषय आहेत. यांत कोणाचा जीव जात नव्हता हे खरे. तथापि भिंत ओलीने खचणे किंवा विहिरीजवळ मैला झिरपणे हा निव्वळ मनस्ताप नव्हे, प्रत्यक्ष अपाय होय. कायद्यातील ‘न्यूसन्स’ हा अपाय आणि मनस्ताप या दोहोंच्या सीमेवर उभा राहिला आणि आजतागायत तो तेथून हललेला नाही.

ती सीमा किती नाजूक आहे हे इ. स. १८७९ च्या ‘स्टर्जेस विरुद्ध ब्रिजमन’ या खटल्यावरून दिसते. लंडनमधील एक मिठाईवाला वीस वर्षांहून अधिक काळ आपल्या घराच्या मागील बाजूस मोठ्या खलबत्त्यांत जिन्नस कुटत असे. पाठीला पाठ लावून असलेल्या घरात एक डॉक्टर राहावयास आला आणि काही वर्षांनी त्याने बागेच्या टोकाशी रोगी तपासण्याची खोली बांधली. मग बत्त्याच्या घावांनी त्याला रोग्याची छाती तपासता येईना. इतकी वर्षे निमूटपणे चाललेले कुटणे आता बंद करावयाचे काय, असा मिठाईवाल्याचा सवाल होता. न्यायालयाने असे ठरवले की खोली बांधली गेली तेव्हाच तो आवाज ‘न्यूसन्स’ झाला. तत्पूर्वी तो नुसता आवाज होता, म्हणून वीस वर्षांच्या वहिवाटीचा आधार मिठाईवाल्याला मिळू शकत नाही. अर्थविचाराच्या दृष्टीने हा निकाल मोठा मार्मिक आहे. ‘न्यूसन्स’ हा वस्तूचा गुण नसून दोन माणसांतील संबंध आहे, हे येथे कोशकाराने नव्हे, न्यायाधीशाने सांगितले.

हिंदुस्थानात हा शब्द इ. स. १८६० च्या दंडसंहितेबरोबर आला. तिच्या २६८ व्या कलमातील सार्वजनिक ‘न्यूसन्स’च्या व्याख्येत अपाय, धोका आणि ‘अनॉयन्स’ हे तिन्ही एका ओळीत बसवले आहेत. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या २७० व्या कलमातही ती मांडणी कायम आहे. मराठीने त्यासाठी ‘सार्वजनिक उपद्रव’ हा प्रतिशब्द योजला आणि तो योग्यच म्हटला पाहिजे, कारण ‘उपद्रव’ या शब्दातही रोग आणि कटकट अशी दुहेरी छटा आहे. रतलाम येथील उघड्या गटारांविषयी नागरिकांनी केलेल्या तक्रारीवर सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली नगरपालिकेच्या विरुद्ध जो निकाल दिला, त्यातील ‘न्यूसन्स’ हा डासांचा, मैल्याचा आणि रोगराईचा होता. पैसा नाही ही सबब न्यायालयाने ऐकली नाही. तेथे हा शब्द आपल्या मूळ वजनाने उभा आहे. उलट बोलण्यात ‘तो फार न्यूसन्स आहे’ असे म्हणताना त्याचे वजन तोळाभरही उरत नाही. ‘न्यूसन्स व्हॅल्यू’वरून बेतलेला ‘उपद्रवमूल्य’ हा शब्द मराठी वृत्तपत्रांनी तर राजकारणात इतका रुळवला आहे की त्यात आता निंदेपेक्षा हिशेबाचा भाग अधिक असतो.

‘पेस्ट’विषयी फार लिहिण्याचे कारण नाही. लॅटिन ‘पेस्तिस्’ म्हणजे महामारी. सोळाव्या शतकात इंग्रजीत आलेला हा शब्द त्याच अर्थाचा होता आणि ‘पेस्ट-हाउस’ म्हणजे महामारीच्या रोग्यांना वेगळे ठेवण्याची जागा. सतराव्या शतकाच्या आरंभीच तो माणसांना लावलेला आढळतो. म्हणजे १६६५ च्या लंडनमधील भयंकर महामारीपूर्वीच या अतिशयोक्तीला सुरुवात झाली होती. ‘प्लेग’ हा शब्दही इंग्रजीत रोगाचे नाव आणि ‘भंडावून सोडणे’ या अर्थाचे क्रियापद अशी दोन्ही कामे करतो. मराठीत मात्र ‘प्लेग’ने फक्त रोगाचा अर्थ आणला. १८९६ साली मुंबईत आणि लगोलग पुण्यात ज्यांनी तो पाहिला, त्यांच्या भाषेत हा शब्द थट्टेसाठी वापरला जाणे शक्यच नव्हते.

‘पेस्टर’ हा मात्र खरा फसवा शब्द आहे. ‘पेस्ट’वरून ‘पेस्टर’ झाला असावा असे कोणालाही वाटेल, आणि इंग्रजी भाषकांनाही तसेच वाटले. प्रत्यक्षात तो फ्रेंच ‘आंपेस्त्रेर’ या क्रियापदापासून आला असून त्याचा अर्थ चरावयास सोडलेल्या जनावराला पायबंद घालणे असा आहे. त्याच्या मुळाशी ‘पास्तोर’, म्हणजे गुराखी, हा लॅटिन शब्द आहे. घोड्याच्या पायाच्या ज्या भागी हा बंद बांधतात त्याला इंग्रजीत ‘पॅस्टर्न’ म्हणतात, तोही याच कुळातला. सोळाव्या शतकातील इंग्रजीत ‘पेस्टर’ म्हणजे अडचण करणे, खच्चून भरणे. मालाने इतके ठासलेले जहाज की खलाशाला पाऊल टाकण्यास जागा नाही, ते ‘पेस्टर’ झालेले जहाज. पुढे ‘पेस्ट’च्या ध्वनिसाम्याने त्याला आपल्याकडे ओढले आणि अर्थ ‘पुनःपुन्हा मागणी करून सतावणे’ असा झाला. ही लोकव्युत्पत्तीची करामत आहे. ‘गळ्यातले लोढणे’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला मूळ प्रतिमा समजावून सांगण्याची गरज नाही; ओढाळ गुराच्या गळ्यात अडकवलेला ओंडका आणि त्या फ्रेंच गुराख्याचा पायबंद हे एकाच कामाचे आहेत.

शेतातून कारखान्याकडे आले तरी तीच तऱ्हा. ‘टीज’ हे जुन्या इंग्रजीतील ‘टॅसन’ या क्रियापदाचे आजचे रूप असून त्याचा मूळ अर्थ लोकर पिंजणे. विणलेल्या कापडावर लव उभी करण्यासाठी ज्या काटेरी बोंडांचा उपयोग करत, त्या ‘टीझल्’ नावाच्या वनस्पतीचे नावही याच धातूचे. सतराव्या शतकाच्या सुमारास हे पिंजणे माणसावर लागू झाले : एकेक तंतू ओढून, एकेक शब्द टोचून समोरच्याला विसकटणे. ‘हेकल्’ची कथाही अशीच. अंबाडी किंवा जवसाचे तंतू लोखंडी दातांच्या फणीतून ओढून साफ करणे हा त्याचा मूळ अर्थ. स्कॉटलंडमध्ये निवडणुकीतील उमेदवाराला भर सभेत प्रश्नांच्या फणीतून ओढण्यास हा शब्द लागला आणि तेथून तो सर्वत्र पसरला. पिंजारी आणि विणकर यांच्या हत्यारांनी इंग्रजीला छळाचे दोन शब्द दिले. पण यांत आणि ‘पेस्ट’मध्ये एक फरक आहे. येथे उतार नाही, साम्य आहे. पिंजणे हे लोकरीच्या दृष्टीने संकट असेल, पिंजाऱ्याच्या दृष्टीने ते रोजचे काम आहे. या फरकाकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

प्राण्यांवरून आलेले शब्द पुष्कळ आहेत. त्यांतील दोनतीनच येथे घ्यावेत. ‘नॅग्’ हा उत्तरेकडील भाषांतून आलेला शब्द ‘कुरतडणे’ या अर्थाचा. घूस किंवा उंदीर जे करतो ते. आपल्याकडे डोके खातात, तिकडे कुरतडतात, एवढाच भेद. म्हाताऱ्या घोड्याला ‘नॅग्’ म्हणतात तो शब्द निराळा. ‘बॅजर’ या प्राण्याच्या नावावरून झालेले क्रियापद ‘सतावणे’ या अर्थाचे आहे. परंतु हा बिचारा प्राणी कोणाला सतावत नाही. त्याला पिंपात कोंडून त्याच्यावर कुत्रे सोडण्याचा एक क्रूर खेळ इंग्लंडमध्ये चालत असे, तो १८३५ च्या कायद्याने बंद झाला. खेळ गेला, शब्द राहिला, आणि छळ सोसणाराच छळाचा वाचक होऊन बसला. ‘ऑब्नॉक्शस्’ची आठवण व्हावी असाच हा प्रकार. ‘किबिट्झर’ हा यिद्दिश भाषेतून विसाव्या शतकात आलेला शब्द पत्त्यांच्या डावात मागे उभा राहून न मागितलेला सल्ला देणाऱ्याला लावतात. त्याच्या मुळाशी जर्मन ‘कीबिट्झ’ म्हणजे टिटवी आहे. रात्रीअपरात्री टिटवीचे ओरडणे ज्याने ऐकले आहे, त्याला या शब्दाची योग्यता पटेल.

सर्वच शब्दांचे कूळ असे लागते असे नाही. ‘बोअर’ म्हणजे कंटाळा आणणे हा अर्थ अठराव्या शतकाच्या सातव्या दशकात एकाएकी उगवतो. भोक पाडणे या अर्थाचा जुना ‘बोअर’ हाच तो, असे मानावे तर मधला दुवा सापडत नाही. कोशकारांनी या बाबतीत निर्णय दिलेला नाही. मराठीने हे दोन्ही ‘बोअर’ उसने घेतले. एक शेतात पाडतात, दुसऱ्याने माणसे व्याख्यानात होतात. ‘बॉदर’ची व्युत्पत्ती त्याहून मोहक आहे, म्हणूनच तिच्याविषयी अधिक सावध राहिले पाहिजे. हा शब्द अठराव्या शतकात प्रथम आयर्लंडमधील लेखकांच्या लिखाणात दिसतो. आयरिश भाषेत ‘बोदर’ म्हणजे बहिरा. हा शब्द आणि संस्कृत ‘बधिर’ एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत याविषयी दुमत नाही. तेव्हा ‘बॉदर’ म्हणजे बोलबोलून समोरच्याला बधिर करणे, असा सिद्धान्त मांडण्याचा मोह कोणाला होणार नाही? परंतु आयरिशमधील त्या शब्दातील ‘द’कार त्या काळी लेखनात असला तरी उच्चारातून लुप्त झाला होता; मग इंग्रजीत तो ऐकू यावा कसा, हा आक्षेप अद्याप दूर झालेला नाही. मराठी विद्यार्थ्याने ‘बॉदर’ आणि ‘बहिरा’ ही जोडी टिपून ठेवावी, पण प्रश्नचिन्हासह.

लॅटिनमधून विद्वानांनी आणलेल्या शब्दांची गोष्ट थोडक्यात आटोपता येईल. ‘एक्झॅस्परेट’ म्हणजे खरखरीत करणे. ‘इम्पॉर्च्यून’ म्हणजे नको तेव्हा गळ घालणे. यात ‘पोर्तुस्’, म्हणजे बंदर, हा शब्द दडलेला आहे, कारण वारा बंदराकडे वाहणारा असला तर ती वेळ अनुकूल, नसली तर प्रतिकूल. ‘ॲग्रॅव्हेट’ म्हणजे अधिक जड करणे; त्यातील ‘ग्राविस्’ हा लॅटिन शब्द आणि आपला ‘गुरु’ हे सजातीय. ‘चिडवणे’ या अर्थाने ‘ॲग्रॅव्हेट’ सतराव्या शतकापासून रूढ असूनही फाउलरने १९२६ साली आपल्या प्रसिद्ध ग्रंथात त्याला अशिष्ट ठरवले. तीनशे वर्षांच्या वहिवाटीपुढे त्याचा निषेध अर्थातच टिकला नाही. ‘व्हेक्स’ म्हणजे गदागदा हलवणे. बोलीतून तो जवळजवळ नाहीसा झाला, पण कायद्याने त्याला आसरा दिला : निव्वळ प्रतिपक्षाला हैराण करण्यासाठी दावे लावणाऱ्याला आवर घालणारा ‘व्हेक्सेशस लिटिगेशन’चा अधिनियम महाराष्ट्रात १९७१ पासून आहे. शिथिल झालेल्या शब्दाला जुन्या वजनासह जपून ठेवण्याचे काम कायद्याची भाषा करते, हे ‘न्यूसन्स’प्रमाणे येथेही दिसते.

येथवरच्या बहुतेक उदाहरणांत शब्द जडाकडून हलक्याकडे गेले. उलट दिशेचा प्रवास विरळा आहे, आणि म्हणूनच ‘मोलेस्ट’ हा शब्द बारकाईने पाहण्यासारखा आहे. लॅटिन ‘मोलेस्तुस्’ म्हणजे त्रासदायक. चौदाव्या शतकात इंग्रजीत आला तेव्हाही याचा अर्थ ‘त्रास देणे, व्यत्यय आणणे’ असाच होता. स्पॅनिश भाषेत तो अजून तसाच आहे. तेथील हॉटेलांत खोलीच्या दाराला ‘नो मोलेस्तार’ अशी पाटी असते आणि तिचा अर्थ ‘व्यत्यय आणू नये’ एवढाच. इंग्रजीत मात्र लैंगिक अत्याचाराचे नाव उच्चारणे अशिष्ट मानले जात असल्याने या सौम्य शब्दाची आडपडद्यासारखी योजना झाली. विसाव्या शतकात पडद्यामागील वस्तूच पडद्याला चिकटली आणि आता इंग्रजी भाषक हा शब्द दुसऱ्या कोणत्याही अर्थाने वापरण्यास धजत नाही. अतिशयोक्तीने शब्द झिजतो, सौम्योक्तीने तो भारावतो.

परंतु सौम्योक्तीचा भार शब्दाला चढेपर्यंत मध्ये जो काळ जातो त्या काळात सोसणाऱ्या माणसाचे काय होते, हा प्रश्न केवळ भाषाशास्त्राचा राहत नाही. ‘ईव्ह-टीझिंग’ हा शब्द इंग्रजांचा नाही. तो भारतात व शेजारच्या देशांत घडला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथील इंग्रजी वृत्तपत्रांनी तो रूढ केला. बायबलमधील आद्य स्त्रीचे नाव आणि लोकर पिंजण्याचे ते जुने क्रियापद यांचा हा समास. रस्त्यात, बसमध्ये, महाविद्यालयाच्या फाटकाशी मुलीला गाठून तिला घाबरवणे, तिच्या अंगाला हात लावणे या कृत्याला ज्या दिवशी ‘टीज’ म्हटले गेले, त्या दिवशी ते कृत्य थट्टेच्या वर्गात जाऊन बसले. ‘टीज’मध्ये उतार नाही, साम्य आहे, असे वर म्हटले ते येथे महत्त्वाचे ठरते. ‘न्यूसन्स’ किंवा ‘पेस्ट’ कितीही झिजला तरी त्याच्या तळाशी अपायाची स्मृती असते आणि कायदा ती उकरून काढू शकतो. ‘टीज’च्या तळाशी उकरले तर पिंजाऱ्याचा उद्योग सापडतो, अपराध सापडत नाही. मराठीतील ‘छेड काढणे’ आणि ‘छेडछाड’ यांची अवस्था याहून बरी नाही. वाद्याची तारही छेडतात. दंडसंहितेतील ३५४ व्या कलमाखालील अपराधाला आपल्याकडे ‘विनयभंग’ म्हणत आले, त्यात अपराधाचा उच्चार निदान आहे, जरी मोडतो तो विनय कोणाचा, हा प्रश्न राहतोच.

तामिळनाडू राज्याने १९९८ साली या अपराधाविरुद्ध जो कायदा केला त्याच्या नावातच ‘ईव्ह-टीझिंग’ होते. पुढे ते नाव बदलून त्या जागी ‘हॅरॅसमेंट’ घालण्यात आले. १९७० च्या दशकात अमेरिकेत ‘सेक्शुअल हॅरॅसमेंट’ हा शब्दप्रयोग पुढे आला होता, त्याचा हा प्रभाव. ‘हॅरॅस’ फ्रेंचमधून आला असून शिकारीत कुत्र्यांना ‘छू’ करण्याच्या आरोळीशी त्याचा संबंध बहुधा असावा. म्हणजे त्यात पाठलाग आहे, भय आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली एका निकालात ‘ईव्ह-टीझिंग’ ही सौम्योक्ती असल्याचे स्पष्ट नमूद केले, आणि पुढील वर्षीच्या दुरुस्तीने दंडसंहितेत आलेल्या ३५४-अ या कलमात ‘सेक्शुअल हॅरॅसमेंट’ हाच शब्द योजला गेला.

मराठीत त्यासाठी ‘लैंगिक छळ’ हा शब्द स्थिरावला. संस्कृतात ‘छल’ म्हणजे कपट. न्यायशास्त्रात तर ते वादातील एका दोषाचे पारिभाषिक नाव असून, प्रतिपक्षाच्या शब्दाला त्याला अभिप्रेत नसलेला अर्थ चिकटवून त्याचे म्हणणे खोडून काढणे, हे त्याचे लक्षण सांगितले आहे. मराठीत येताना कपट मागे पडले आणि पीडन पुढे आले. त्रास, पीडा, उपद्रव हे शब्द हलके होत असताना ‘छळ’ मात्र जड झाला. तरीही एखाद्या मुलीने बसमधील प्रकाराविषयी ‘त्याने मला त्रास दिला’ असे पोलीस ठाण्यात सांगितले, तर लिहून घेणाऱ्याच्या मनात ‘त्रास’ हा शब्द कोणत्या शतकाच्या अर्थाने उतरेल, यावर त्या तक्रारीचे पुढे काय व्हावयाचे हे पुष्कळदा अवलंबून असते.